ऑनलाइन मागणी टाकली तरी सामान दोन महिन्यांनी कामून येतं? विद्यापीठातली खरेदी, सोप्या भाषेत

मागच्या आठवड्यात शेजारच्या विभागातल्या एक मॅडम आमच्या लॅबमधे आल्या, हातात फोन, फोनवर शॉपिंगचं अ‍ॅप उघडलेलं. म्हणल्या, "दादा, हे बघा, हाच मॅग्नेटिक स्टरर, द्रावण ढवळायचं यंत्र, परवा घरपोच येतो म्हणतंय. मी सिस्टीमवर मागणी टाकून ३९ दिवस झाले, अजून 'प्रलंबित'च दाखवायलंय. मग ऑनलाइन करून फायदा काय झाला?"

प्रश्न खरा आहे. आणि त्या एकट्या विचारायल्यात असंही नाही, विद्यापीठं एकामागून एक कागदी मागणी बंद करायलीत, दिल्ली विद्यापीठात तयार झालेलं 'समर्थ' हे सॉफ्टवेअर देशभर चाललंय, कुठं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर टिपणी लिहून शिपायाच्या हाती फाइल पाठवली त्यांना आता लॉगिन, ओटीपी, ड्रॉपडाऊन. मी स्वतः प्रयोगशाळेत काम करतो, बरीच वर्षं मागण्या भरतोय, त्यामुळं जे कळलंय ते सरळ सांगतो.

दुकानात एक माणूस, विद्यापीठात पाच

अ‍ॅपवर वस्तू निवडणारे तुम्ही, पैसे तुमचे, पार्सल घेणारे तुम्ही, खराब निघाली तर नुकसानही तुमचंच. विद्यापीठात पैसा लोकांचा, म्हणून ही कामं मुद्दाम वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलेली आहेत. ज्याला वस्तू पाहिजे त्यानं भाव ठरवायचा नाही, ज्यानं भाव ठरवला त्यानं माल मोजून घ्यायचा नाही, ज्यानं मोजला त्यानं चेक काढायचा नाही.

आपल्याकडं लग्नाचा बस्ता कसा होतो ते आठवा. घरातल्या बाया बसून याद काढतात. आजोबा किंवा मोठे काका सांगतात की कपड्याला एवढे, भांड्याला एवढे, याच्या वर जायचं नाही. मग दोघं-तिघं तीन दुकानं फिरून भाव काढून येतात. एक दुकान ठरतं, तिथं "बांधा" म्हणून सांगितलं जातं. सामान घरी आलं की आत्या याद हातात घेऊन एक-एक नग मोजून घेते, एखाद्या लुगड्याला डाग असला तर परत पाठवते, आणि सगळं बरोबर निघाल्यावरच दुकानदाराची बाकी चुकती होते.

विद्यापीठाची सिस्टीम म्हणजे हेच, फक्त स्क्रीनवर. याद म्हणजे मागणीपत्र, यालाच इंडेंट किंवा रिक्विझिशन म्हणतात. आजोबांनी सांगितलेला आकडा म्हणजे तरतूद आणि कपडे-भांडी असे जे कप्पे पाडले ते लेखाशीर्ष. तीन दुकानांचे भाव म्हणजे दरपत्रकं, ती शेजारी-शेजारी मांडली की तुलनात्मक तक्ता. "बांधा" म्हणून सांगणं म्हणजे पुरवठा आदेश, ज्याला सगळे पीओ म्हणतात. आत्याचं मोजणं म्हणजे माल तपासून साठा नोंदवहीत घेणं. एवढे शब्द कळले की पुढचं अवघड नाही.

मागणी टाकली म्हणजे ऑर्डर दिली असं नाही

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. सर मागणी सबमिट करतात आणि लगेच ओळखीच्या पुरवठादाराला फोन, "टाकलीय बरं का मागणी, तुम्ही माल आणून टाका, कागद होत राहतील." तो बिचारा विश्वासानं आणून देतो. मग बिलावर तारीख १० ऑगस्ट आणि पुरवठा आदेशाची तारीख २५ सप्टेंबर. लेखापरीक्षक हे पहिल्या दहा मिनिटांत पकडतात. कागदाच्या काळात जावक क्रमांकात जागा सोडून ठेवून मागची तारीख टाकता यायची, हे सगळ्यांना माहीत आहे, आता सिस्टीम तारीख आणि वेळ स्वतः टाकते, तिला मागं नेता येत नाही. मग कार्योत्तर, म्हणजे काम झाल्यावर घ्यायच्या, मंजुरीसाठी पळापळ, आणि ती मिळेलच याची खात्री नाही. यात मरतो पुरवठादार. म्हणून पीओ हातात पडल्याशिवाय कुणालाही "आणून टाका" म्हणू नका, माझी एवढी कळकळीची विनंती आहे.

'पैसे अडकवले' म्हणजे काय केलं

मागणी विभागप्रमुखांच्या लॉगिनवरून पुढं गेली की भांडार विभाग बघतो, वस्तू आधीच शिल्लक आहे का. त्यानंतर लेखा विभागाकडं जाते आणि तिथं जे होतं ते बऱ्याच जणांना कळतच नाही. समजा तुमच्या रसायनांच्या लेखाशीर्षात ४ लाख आहेत आणि मागणी दीड लाखाची. खर्च अजून एक रुपयाही नाही झाला, तरी सिस्टीम आता अडीच लाखच उपलब्ध दाखवते. मग फोन येतात, आमचे पैसे कुठं गेले म्हणून.

कुठंच गेले नाहीत. कापूस विकून पैसे आले की शेतकरी त्यातले खताबियाण्याचे बाजूला काढून डब्यात ठेवतो. ते त्याचेच असतात, घरातच असतात, पण पाहुणे आले तरी त्याला हात लावायचा नाही. तसंच इथं. पूर्वी कागदावर हे नीट होत नव्हतं, एकाच तरतुदीवर तीन विभागांनी तीन आदेश काढले आणि मार्चमधे कळलं की पैसे एकाचेच आहेत, असं व्हायचं. आता आदेश निघायच्या आधीच पैसे राखलेले असतात, म्हणजे पुरवठादाराला दिलेल्या शब्दामागं खरंच रक्कम असते. माझ्या मते या सगळ्या सिस्टीममधली ही एक गोष्ट सगळ्यात मोलाची आहे.

याची दुसरी बाजूही आहे. मागणी रद्द झाली, किंवा कमी किमतीत वस्तू आली, तर राखलेले जादा पैसे मोकळे करायला सांगावं लागतं. कुठं ते आपोआप होतं, कुठं लेखा विभागातल्या कुणीतरी बटण दाबावं लागतं. दिवाळीनंतर एकदा सगळ्या जुन्या मागण्या उघडून बघा, बरेच ठिकाणी पाच-दहा हजार उगंच अडकलेले सापडतात.

वर्णनाचा रकाना: नुसती 'साडी' लिहू नका

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण आपल्या हातात जे काही आहे ते इथंच आहे.

सरकारी खरेदीत एक शब्द सतत कानावर येतो, एल-वन. म्हणजे सगळ्यात कमी दर देणारा. लोकांना वाटतं की सरकारी नियम म्हणतो स्वस्तातलं घ्या. नियम असं म्हणत नाही. नियम म्हणतो, तुम्ही जे लिहिलंय त्यात बसणाऱ्यांपैकी जो सगळ्यात स्वस्त त्याच्याकडून घ्या. 'तुम्ही जे लिहिलंय' हे तीन शब्द विसरले की सगळं बिघडतं.

तुम्हाला पाहिजे पैठणची पैठणी आणि मागणीत लिहिलं 'साडी, नग १'. तर मशीनवरची पॉलिस्टरची साडी देणारा एल-वन येणारच आणि तो चुकीचा नाही, त्यानं साडीच दिली. रेशीम पाहिजे, जर पाहिजे, हातमागावर विणलेली पाहिजे, पदर असा पाहिजे, हे लिहायचं काम तुमचं होतं.

आता लॅबचं उदाहरण. एका वर्षी आमच्याकडं मागणी गेली, 'बीकर २५० मिली, नग ४०'. आले चाळीस बीकर, दिसायला छान, पहिल्याच प्रॅक्टिकलला गरम करायला ठेवले आणि तीन तडकले, एका पोराच्या हाताला लागलं. ती साधी सोडा-लाइम काच होती. गरम झाल्यावर काच थोडी फुगते, साधी काच जास्त फुगते आणि सगळीकडून सारखी फुगत नाही म्हणून तडकते. प्रयोगशाळेला लागते ती बोरोसिलिकेट ३.३, तिच्यातला ३.३ हा आकडा म्हणजे ती किती कमी फुगते त्याचं माप, साध्या काचेच्या निम्म्याहूनही कमी. त्या मागणीत 'बोरोसिलिकेट ३.३' एवढं लिहिलेलं असतं तर सोडा काचवाला तांत्रिक तपासणीतच बाद झाला असता.

तसंच रसायनांचं. नुसतं 'मिथेनॉल' लिहू नका, एलआर, एआर की एचपीएलसी, म्हणजे शुद्धतेची कुठली ग्रेड, ते लिहा, शुद्धता किती टक्के, बाटली ५०० मिलीची की अडीच लिटरची, एक्स्पायरी माल मिळाल्यापासून किमान किती महिने पुढची असावी. ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, असेल तर ५० मिली, क्लास ए (जास्त अचूक मापाचा दर्जा), ०.१ मिलीच्या खुणा. आणि उपकरण असेल तर वॉरंटी, बसवून देणं, दोन माणसांना शिकवणं, हे सगळं त्याच मागणीत. नंतर फोनवर मागितलं तर पुरवठादार म्हणतो त्याचे वेगळे पैसे, आणि तो बरोबर असतो.

मग सरळ कंपनीचं नावच लिहिलं तर? तसं नाही चालत, कारण मग स्पर्धाच उरली नाही. वस्तू खरंच एकाच कंपनीची लागते, उदाहरणार्थ आधीच्या मशीनला बसणारा सुटा भाग, तर त्यासाठी वेगळी वाट आहे, प्रोप्रायटरी प्रमाणपत्र द्यायचं आणि दुसरं का चालत नाही ते कारणासहित लिहून खाली सही करायची. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमावलीत, म्हणजे जीएफआरमधे, १६६ वा नियम याच गोष्टीचा आहे. पण ही वाट आळसापायी वापरू नये, सही करणाऱ्याला पुढं उत्तर द्यावं लागतं.

जेम, ई-निविदा, दरपत्रकं: कुठल्या वाटेनं जायचं ते कोण ठरवतं

ते रक्कम ठरवते. छोटी रक्कम सोप्या वाटेनं, मधली दरपत्रकं मागवून, मोठी ई-निविदेनं. महाराष्ट्र शासनानं १ डिसेंबर २०१६ ला खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली, तिच्यात ई-निविदेची रेषा ३ लाखांवर होती. केंद्राचं जेम, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, ऑगस्ट २०१६ मधे सुरू झालं. जीएफआरच्या १४९ व्या नियमात जेमवरून थेट घ्यायची मर्यादा सुरुवातीला ५० हजार होती, २०१९ मधे ती २५ हजारांवर आणली, पुढं परत बदल झाले. म्हणून कुणी सांगितलेला आकडा डोक्यात धरून बसू नका, मागणी टाकायच्या दिवशी तुमच्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक उघडून बघा. पैसा केंद्राच्या प्रकल्पाचा असेल तर एक नियम, विद्यापीठाच्या स्वनिधीतला असेल तर दुसरा, हेही होतं.

इथं एक मोह होतो. आठ लाखांचं सामान आहे, निविदा नको म्हणून त्याच्या चार मागण्या करू, दोन-दोन लाखांच्या. याला तुकडे पाडणं म्हणतात आणि जीएफआरचा १५७ वा नियम ते स्पष्ट नाही म्हणतो. कागदावर हे वेगवेगळ्या फायलीत लपायचं. सिस्टीमवर एका विभागाच्या एकाच वस्तूच्या मागण्या एका यादीत खालोखाल दिसतात, शोधायचीही गरज पडत नाही.

"पण आमची पेरणी कुणासाठी थांबत नाही"

हे मला परभणीच्या कृषी विद्यापीठात काम करणाऱ्या एका मित्रानं ऐकवलं आणि त्याला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. खरीप चाचणीचे प्लॉट मृगाचा पाऊस पडला की पेरायचे, म्हणजे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. आर्थिक वर्ष सुरू होतं १ एप्रिलला, तरतुदी सिस्टीमवर दिसायला कधीकधी एप्रिल संपतो. निविदा निघाली तर केंद्राच्या नियमाप्रमाणं दर भरायला साधारण तीन आठवडे तरी द्यावे लागतात, मग तांत्रिक तपासणी, मग दर उघडणं, मंजुरी, पीओ, आणि पुरवठ्याची मुदत. उलटं मोजत गेलं की कळतं की जूनमधे बीजप्रक्रियेचं औषध हातात पाहिजे तर मागणी मेमधे टाकून उपयोग नाही.

मग करायचं काय? जे आधी करता येतं ते फेब्रुवारी-मार्चमधेच करून ठेवायचं. वर्णन लिहून तयार, अंदाजी किंमत काढलेली, विभागातल्या पाच जणांच्या मागण्या एकत्र केलेल्या, सिस्टीमवर मसुदा म्हणून सेव्ह. तरतूद दिसली की त्याच दिवशी सबमिट. बऱ्याच सिस्टीमवर मागच्या वर्षीची मागणी कॉपी करून नवी करता येते, ते बटण वापरा. आणि दरवर्षी लागणाऱ्याच वस्तू असतील, कागद, टोनर, काचसामान, नेहमीची रसायनं, तर खरेदी विभागाला वर्षभराचा दरकरार करायला सांगा. दर एकदा ठरला की पुढं फक्त पीओ काढायचा असतो. मला वाटतं मराठवाड्यातल्या प्रत्येक विभागानं यासाठी मागं लागलं पाहिजे, कारण आपल्याकडं बरेच पुरवठादार पुण्या-मुंबईहून किंवा हैदराबादहून माल आणतात, त्याचा वेळ वेगळा.

माल आला, आता आपली पाळी

आता जे सांगतोय ते माझ्या मनाला अजून लागून आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक पोरगा मोंढ्याजवळच्या त्याच्या दुकानातून दुचाकीवर चार चकरा मारून माल देऊन गेला. माल बरोबर होता. पण सिस्टीमवर 'माल मिळाला' करायचं होतं ते परीक्षेच्या गडबडीत कुणीच केलं नाही, ज्यांचं लॉगिन होतं ते रजेवर. ३१ मार्च गेला. अनुदान परत गेलं. त्याचं बिल पुढच्या वर्षीच्या तरतुदीत घ्यायला परत मंजुरी, आणि पैसे मिळाले दिवाळीला. त्यानं व्याजानं पैसे काढून माल भरला होता.

बिल निघायला तीन कागद जुळावे लागतात. पीओमधे काय मागवलं, पावतीत काय मिळालं, बिलात काय लावलं. तिन्ही जुळले की पुढं, एकही जुळला नाही की बिल तिथंच थांबतं. यातला मधला कागद फक्त आपणच देऊ शकतो. जेमवर माल पोचल्याची पहिली पावती दिली की १० दिवसांत तपासून स्वीकारला का नाकारला ते सांगायचं असतं, आणि स्वीकारल्यावर पुढच्या १० दिवसांत पैसे द्यायचे असतात. माल खराब असेल तर नाकारा, कारण लिहा, फोटो जोडा, पण गप्प बसू नका.

आणि तपासताना खोका उघडून बघा बरं का. वापरून संपणारी वस्तू असेल तर साठा नोंदवही, टिकणारी असेल तर जडसंग्रह नोंदवही, म्हणजे डेडस्टॉक, तिथं नंबर पडला की तो वस्तूवर पेंटनं लिहून टाकायचा. वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी करावी लागते, तेव्हा शोधाशोध होत नाही.

"गावातल्या दुकानदाराचं यात काय होणार?"

ही काळजी बरोबर आहे. औरंगपुऱ्यातला किंवा नांदेडच्या वजिराबादमधला जो दुकानदार एका फोनवर माल द्यायचा, त्याला आता जेमवर नोंदणी, जीएसटी, डिजिटल सही, हे सगळं करावं लागतं. पण एकदा केलं की तो फक्त ओळखीच्या विभागापुरता राहत नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयालाही दर देऊ शकतो.

एक गैरसमज मात्र दूर करतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, असं आहे. दुकानदारांना वाटतं आमच्याकडं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे म्हणजे हे आम्हालाही लागू. तसं नाही. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. म्हणजे मोंढ्यातल्या त्या पोरासारख्याला आपण वेळेवर पावती देण्याशिवाय दुसरा आधार नाही.

"साहेबांना लॉगिन जमत नाही, मग आम्हीच करतो"

हे करू नका. विभागप्रमुखांचा पासवर्ड क्लार्कच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला मी बघितलाय. हा म्हणजे सही करून ठेवलेला कोरा चेक आहे. त्या लॉगिनवरून जे मंजूर होईल ते कायद्यानं साहेबांनीच केलं असं धरलं जाईल, आणि क्लार्कवरही नंतर बालंट येऊ शकतं. साहेब रजेवर असतील तर सिस्टीममधे तात्पुरता अधिकार दुसऱ्याला द्यायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती प्रशासनाकडून सुरू करून घ्या. नाही जमलं तर साहेबांच्या शेजारी बसून त्यांच्याच हातानं करून घ्या, दोन-चार वेळा केलं की जमतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या सरांना मी शिकवलंय, ते आता मलाच आठवण करून देतात.

मग गैरप्रकार थांबले का

सगळे नाही. एखाद्याच कंपनीचा माल बसेल असं वर्णन लिहायला ऑनलाइन सिस्टीम अडवत नाही, तीन दरपत्रकं एकाच घरातून येऊ शकतात. फरक पडला तो एवढा की कुणाच्या टेबलावर फाइल किती दिवस होती हे आता तोंडी राहिलं नाही. लातूरच्या उपपरिसरातून नांदेडला किंवा धाराशिवहून संभाजीनगरला फाइलमागं माणूस पाठवून "कुठवर आलं" म्हणून विचारायची गरज उरली नाही, ज्या टप्प्यावर अडकलंय तो टप्पा, ते पद, ती तारीख स्क्रीनवर आहे. त्या मॅडमची ३९ दिवसांची मागणी आम्ही दोघांनी बसून उघडली. ती अडकलेली नव्हती, २८ दिवसांपूर्वी 'वर्णन अपुरे' असा शेरा मारून परत आली होती, आणि शेरा 'प्रलंबित'वर क्लिक केल्याशिवाय दिसत नव्हता. आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, किती, गरम करायची प्लेट पाहिजे की नुसता स्टरर, किती लिटरपर्यंत ढवळायचं, एवढंच विचारलं होतं. १५ मिनिटांत भरून परत पाठवली.

आणि शेरा नाही, उत्तर नाही, महिनोन्‌महिने एकाच टप्प्यावर असं असेल तर विद्यापीठ माहिती अधिकार कायदा २००५ च्या कक्षेत येतं. मागणी क्रमांक लिहून त्या मागणीचा टप्प्यानुसार तारखांसहित उतारा मागा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.